दत्तूभाऊंची गाडी आणि सुरबाया

आमच्याकडे दृष्ट काढायची मीठ-मोहरी बायको माझ्यापासून लपवून ठेवते, कारण मी हसतो. तीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळले. ज्याला व्हाउचर नाही, ते माझ्या लेखी घडलेलंच नाही. तेव्हा पुढचं मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. मलाच पटलेलं नाही... यातली चूक कुणाला सापडली तर मात्र हवी आहे.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, पवननगरच्या भाजीबाजाराच्या मागे. मुलगी केतकी लग्न झाल्यापासून इंडोनेशियात, सुरबायाला असते. जावई तिथल्या एका सूतगिरणीत आहेत. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. साध्या नाहीत, पाणीसुद्धा टिकेना. वजन उतरत चाललं. असंच राहिलं तर बाळाचं कठीण आहे, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. माझ्या बायकोच्या, मंगलच्या, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे तिला जाता येईना. तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलायचं नसतं, म्हणून तिने सख्ख्या बहिणीलाही कळवलं नव्हतं. रोज व्हिडिओ कॉलवर पोरीचा चेहरा बघायचा आणि फोन ठेवल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळायचं, असं चाललं होतं.

मग एका संध्याकाळी तिचाच फोन आला. भजी खाल्ली होती, आणि ती पोटात राहिली होती.

तिकडेही आपल्यासारख्याच खाण्याच्या हातगाड्या गल्लीबोळांतून फिरतात. पण ओरडत नाहीत म्हणे. कुणी लाकडाचा ठोकळा वाजवतो, कुणी वाटी, कुणी कढई. लोक आवाज ओळखून खाली उतरतात. केतकीच्या इमारतीखाली एक नवीन भजीवाला यायला लागला होता. तो कढईच्या काठावर झारा वाजवायचा – दोनदा सावकाश, मग तीनदा भरभर. "अगदी दत्तूभाऊंसारखं, बाबा," ती म्हणाली. भजी मक्याची, पण तिला चव लागली मुगाच्या भज्यांची. मंगल रडायला लागली. मी म्हटलं, डोहाळे आहेत, डोहाळ्यांत जिभेला काहीही वाटतं.

दत्तूभाऊ म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे मूगभजीवाले, मूळचे चांदवडकडचे. घाणा उतरला की ते असाच झारा वाजवतात. केतकी लहान असताना तिचा एक मान ठरलेला होता. पहिल्या घाण्यातलं भजं फोडून, फुंकून तिच्या हातावर द्यायचं, आणि तिने मान डोलावल्याशिवाय बाकीची विकायची नाहीत.

चार-पाच दिवसांनी मी त्यांच्याकडून भजी घेत होतो. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "काका, ताईला अशी एकटीला चालत नका पाठवत जाऊ."

"कोणत्या ताईला?"

"आता किती ताया हायेत तुम्हाला? केतकीताई. रोज येती. लय वाळलीय. पोटाला हात लावून म्हणली मिरची नको, तवाच समजलो मी. तिच्यापुरती बिनमिरचीची काढतो."

मी काहीतरी बोलून घरी आलो. आधी मंगलला विचारलं, कुणाला सांगितलंस का? तीच माझ्यावर उखडली, तिचा संशय माझ्यावर होता. मग मी जावयांना फोन करून दुसरंच निमित्त काढून पासपोर्टची चौकशी केली. केतकीचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी त्यांच्या ऑफिसात जमा होता. कुणीतरी तिच्यासारखी दिसणारी मुलगी असेल, दुसरं काय?

म्हणून दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊंनी स्टोव्ह पेटवल्यापासून मी गाडीशेजारी स्टुलावर बसून राहिलो. बरीच गिऱ्हाइकं आली. ती आली नाही. "तुम्हाला बघून बुजली असंल," दत्तूभाऊ म्हणाले. घरी येतो तर केतकीचा फोन. आज गाडीच आली नाही, आणि सकाळपासून पोटात काही नाही.

त्यानंतर मी त्या कोपऱ्यावरून जाणं बंद केलं. भाजीलासुद्धा लांबून वळसा घालून जायचो. मंगलने कारण विचारलं तर म्हणायचो, चालणं होतं तेवढंच. केतकी खात होती. वजन थांबलं, मग थोडं चढलं.

आणि दत्तूभाऊंची गाडी बंद झाली. लांबून ताडपत्री बांधलेली दिसली, म्हणून जवळ गेलो. शेजारच्या रसवंतीवाल्याने सांगितलं, भावाचा कांदा काढायला गावी गेलेत, पाऊस यायच्या आत उरकायचंय. तिकडे केतकीच्या इमारतीखालची गाडीही यायची थांबली होती. उलट्या पुन्हा पहिल्यासारख्या. तिसऱ्या दिवशी जावयांनी फोटो पाठवला, हाताला सलाईन.

मी मंगलला बँकेचं काम सांगितलं आणि गाडी काढून चांदवडला गेलो. विचारत विचारत शेत गाठलं. काढलेला कांदा उघड्यावर पसरलेला, वर ढग, आणि माझ्यासारखा माणूस बांधावर उभा राहून एका भजीवाल्याला परत चला म्हणतोय. काय कारण सांगणार? एवढंच म्हणालो, "केतकीला तुमचीच भजी खायचीत. दुसरं काही टिकत नाही."

दत्तूभाऊंचा भाऊ खोचकपणे म्हणाला, "नाशकात काय भजी संपली का?" दत्तूभाऊ कांद्याकडे बघत राहिले, मग ढगांकडे. "पोटुशी पोरगी हाय रे," ते भावाला म्हणाले आणि हात धुवायला विहिरीवर गेले. रस्ताभर मला रागावत होते... अशा दिवसांत पोरीला इतकी तरसवायची?

संध्याकाळी त्यांनी ताडपत्री सोडली. घाणा उतरला. झारा वाजला – दोन, मग तीन. "कुठंय ताई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईल. त्यांनी फळीवर एक प्लेट ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. सुरबायाचं घड्याळ आपल्यापुढे आहे, तिकडे अंधार पडला होता. दत्तूभाऊंना ऐकू जाऊ नये म्हणून मी पाठ करून रस्त्याच्या कडेला गेलो. जावई सांगत होते, दवाखान्याच्या फाटकाशी एक गाडी आलीय, केतकी आवाज ऐकून हट्टाने खाली उतरली, आता उभ्याने खातेय. बोलायला तिला फुरसत नाही. तिचं खाणं होईपर्यंत मी फोन कानाला लावून उभा राहिलो.

परत आलो. फळीवरची प्लेट भरलेलीच होती. "खाल्लं आज पोटभर," दत्तूभाऊ म्हणाले. "तुम्ही फोनवर, म्हणून न सांगता गेली."

मी प्लेटकडे बोट दाखवलं.

"ही तुमची. तिची तिनं संपवली."

मी ती भजी खाल्ली. मिरची होती.

पुढे हळूहळू केतकीचं अन्न टिकू लागलं आणि तिकडची गाडी कधी बंद झाली, तिच्या लक्षातही आलं नाही. नात झाली, ठणठणीत आहे. मी बरेच तर्क करून पाहिले. हुबेहूब दिसणारी मुलगी, दत्तूभाऊंची नजर, पोरीचे डोहाळे, माझं म्हातारपण. एकेक सुटा घेतला तर चालतो. सगळे एकत्र मांडले की एकही चालत नाही. दत्तूभाऊंना मी आजवर सांगितलेलं नाही, की त्या सगळ्या महिन्यांत केतकी भारतात नव्हतीच.

आता दिवाळीला ती बाळाला घेऊन येतेय. आल्या आल्या मूगभजी खायला जायचं, असं तिने फोनवर बजावलंय. ती दत्तूभाऊंना म्हणणार, किती वर्षांनी आले बघा. त्यावर ते काय म्हणतील, ते मला माहीत आहे. तिला तिथे न्यावं की नाही, हे अजून ठरत नाही.