नऊ कुठे गेला?

उतारवयात डॉक्टरांनी मला एडीएचडी असल्याचे सांगितले. मराठीत अवधानाची न्यूनता. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे मी शब्द पारखून घेते. यातला ‘न्यूनता’ हा शब्द मला मान्य नाही. कारण सांगते.

सत्तरच्या दशकात मी खोपोलीकडच्या एका मोठ्या शाळेत नवीन लागले होते. एका वर्गावर मन ठरत नसे. हजेरी घ्यायची राहून जाई, खडू अंबाड्यात खोचून मी तोच शोधत फिरे. मुख्याध्यापकांनी “तुमचे चित्त थाऱ्यावर नसते” असे सुनावून माझी बदली कोंडाणे लेण्यांच्या बाजूच्या एका वाडीवर करवली. तिथली शाळा एकशिक्षकी होती, म्हणजे इयत्ता चार, खोली एक आणि शिकवणारी मी एकटी. अशा शाळेत तीन वर्गांना लेखन देऊन चौथ्याला शिकवावे, अशी रीत होती. मी चारही वर्ग एकाच वेळी चालवू लागले, आणि आयुष्यात प्रथमच मला कंटाळा आला नाही.

वर्षअखेर तपासणीला साहेब आले. त्यांचा शेरा वाईट पडला तर माझी नोकरी कायम होणार नव्हती.

“बाई, एका जागी उभ्या राहा. तुम्हाला बघून मला घेरी येते.”

“खुर्ची आहे, साहेब. बसून बघा.”

मुले खुसखुसली. साहेब बसले, पण त्यांनी फर्मावले, “घंटा होईपर्यंत फक्त चौथीला शिकवायचे.”

मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज मांडली. पाठीमागे पहिलीची मुले चिंचोके मोजत होती.

“सात, आठ, दहा...”

“नऊ कुठे गेला?” मी मान न वळवता विचारले.

“बाई, त्यो घरंगळला. हितंच हाय!”

“उचल आणि पुन्हा मोज. तिसरीत शांतता फार आहे. करवंदे मधल्या सुट्टीत खायची. चौथी, छेद सारखे करून घ्या.”

“मी काय सांगितले होते?” साहेब उठले. “लक्ष कुठे आहे तुमचे?”

“चारही वर्गांत, साहेब. नोकरी जाईल हे मला कळते. पण ऐकू आलेली चूक मी सोडणार नाही.”

त्यांनी फळ्यावर स्वतः एक बेरीज घातली. चौथीने ती बरोबर सोडवली. मग पहिलीजवळ उकिडवे बसून त्यांनी चिंचोके मोजून घेतले. नऊ जागेवर होता.

निघताना ते म्हणाले, “कायम करतो. मोठ्या शाळेत परत जायचे असेल तर तसेही सुचवतो.”

“नको, साहेब,” मी म्हणाले. “तिथे मला एकच वर्ग मिळेल.”