कोकणातल्या आंब्याखालची हाडं

माघात ठरवलं, लेकीला बाळंतपणाला आणायला आपणच जायचं. बायना रत्नागिरीजवळ राहते, नवरा तिथं शाळामास्तर. तिला सातवा महिना लागलेला, आणि पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. मी जन्मभर मंद्रूपच्या माळावर मेंढरं राखलेली, समुद्र कधी बघितला नाही. लेकाची पोरगी, माझी नात, लिहून घेतेय. चुकलं तर तिचं, जमलं तर माझं.

जाणाऱ्यांनी ऐका. सोलापुरातून कुर्डुवाडी, तिथून छोटी गाडी मिरजेला. ती इतकी सावकाश चालते की शेतातली माणसं ओळखीची होतात. पुढं कोल्हापूर, आणि सकाळी मोटार. भाडं टोचतं, पण आंबा घाट पायी उतरायचं माझं वय सरलं. घाटाआधी पोटभर खाऊ नका. मी भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन बसले, त्यातली अर्धी घाटालाच वाहिली. उतरल्यावर समुद्र दिसला. सगळी मेंढरं एकदम बुजून अंगावर यावीत तसा!

येणाऱ्या बाळासाठी लोकर कातून इवलंसं घोंगडं करून नेलं होतं. बायनानं बोचक्याची गाठ सोडलीच नाही.

"ऱ्हाऊ दे, आये. आधी पिलू उडू दे."

"कुणाचं गं?"

तिनं अंगणातल्या आंब्याकडं बोट केलं. वर काटक्यांचा ढीग, गाडीच्या चाकाएवढा. त्यावर पांढऱ्या छातीचा, राखी पाठीचा थोराड पक्षी.

"समुद्री गरुड, मामी," जावई म्हणाले. "जोडी दरसाल त्याच घरट्यावर काटक्या चढवते. मासे, पाण्यातले साप खातात. किनाऱ्याला मेलेलं काही लागलं, तर तेही सोडत नाहीत."

"म्हंजे आमचं गिधाडच की. आंघोळ केलेलं."

जावई हसले, बायना हसली नाही. तिनं मनाशी धरलं होतं, ते पिलू उडालं तर आपलंही जगेल. मला धडकीच भरली. त्यात दुसऱ्या दिवशी घरमालक आप्पा कुऱ्हाड घेऊन हजर.

"चार कोंबड्या खाल्लान त्यानं! झाडच तोडतो आता."

आमच्यात कोकरू गेलं की शिव्या मागून देतात, आधी हाडं बघतात. कुणी मारलं ते हाड सांगतं. मी आंब्याखाली बसले आणि खाली पडलेलं सगळं निवडायला लागले. माशांचे काटे एकीकडं, सापाचे मणके एकीकडं, खेकड्याच्या नांग्या एकीकडं. कोंबडीचं पीसही नाही. तेवढ्यात एक पांढरं, चपटं हाड हाती आलं.

"कोकराचा खांदा हाय ह्यो!" मी ठासून सांगितलं. बायनाचा चेहरा पांढरा पडला. मीच झाडाचा घात केला की!

आप्पा हाड बघून पोट धरून हसायला लागला. "आजी, हे माकुलाचं हाड हो! समुद्रातला मऊ जीव तो, पाठीत एवढंच हाड. पोरं ढीगभर गोळा करतात."

हसता हसता त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. तेवढं निमित्त पुरलं. मी त्याला हाताला धरून त्याच्याच खुराड्यामागं नेलं. लाकडांच्या ढिगाखाली मुंगसाचं बीळ, तोंडाशी पिसं.

"ह्यो बघा तुमचा गरुड."

आप्पा संध्याकाळी नारळ घेऊन आला.

परत येताना मोटारवाल्याला प्रत्येक खड्ड्याला दटावत लेकीला घरी आणलं. बोचकं तसंच बांधलेलं. ती रोज टपालाची वाट बघायची. एकदा मी म्हटलं, "उडालं न्हाय तरी मी हाय की."

फाल्गुनात जावयाचं कार्ड आलं. नातीनं वाचलं: पिलू चार दिवस फांदीवर पंख झाडत होतं, पाचव्या दिवशी समुद्राकडं गेलं. आप्पांनी माकुलवाल्या आजींना नमस्कार सांगितलाय.

बायना उठून आत गेली. बाहेर आली ती घोंगडं घेऊन. उन्हात पसरलं, हात फिरवला.

"आये, लई खरबरीत हाय की गं!"

"असू दे. तू बी असल्यातच वाढलीस."