जिवंत माणसं वर आणण्याची परीक्षा

मिलिंद गेल्याला सहा आठवडे झाले. भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण दारातच विचारतो, "पाण्यात गेले का?" माझा धाकटा भाऊ पोहणारा, समुद्राच्या तळाशी जाणारा, त्यामुळे लोकांच्या मनात ते पक्कं बसलं आहे. नाही. शिरोली एमआयडीसीत ज्या फौंड्रीत तो इतकी वर्षं फिटर होता, तिथेच सकाळच्या पाळीत स्टुलावर बसल्या बसल्या गेला. हृदयविकार. मी शिवाजी पेठेतल्या माझ्या शाळेत नववीच्या वर्गावर होते... शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, फोन हाय, खाली या." फोनवर त्याचा सुपरवायझर होता. त्याने दोनदा नीट सांगितलं, तरी मी आपली विचारत राहिले, कुठल्या विहिरीवर? त्यात माझी चूक नव्हती. मिलिंदबद्दल अवेळी फोन आला की तो कुठल्या तरी विहिरीवरूनच आलेला असायचा.

आमचं घर कळंब्याला. तिथल्या तळ्यात तो पोहायला शिकला आणि विशीत त्याने पहिल्यांदा एका बुडालेल्या माणसाला बाहेर काढलं. तेव्हापासून ते काम त्याच्या मागे लागलं. कुणी विहिरीत, खाणीत, नदीत बुडालं की पोलिसांचा फोन यायचा, नाहीतर गावातली माणसं मोटारसायकल घेऊन फौंड्रीच्या गेटवर उभी. "पावणं, तेवढं काढून द्या." आमच्या आजोबांना ज्या गावाने विहिरीच्या पायरीला पाय लावू दिला नव्हता, त्या गावानेही त्याला एकदा मागच्या सीटवर बसवून नेलं, आणि काम झाल्यावर हात धुवायला पाणी वरून, लांबून ओतलं. मी ऐकून पेटले. तो म्हणाला, "मेल्यालं काढणाऱ्याच्या हातावर असंच वततात आक्का. जातीचं न्हाय ते." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

हे काम त्याला एका म्हाताऱ्या पोहणाऱ्याने शिकवलं होतं आणि त्याचा नियम कडक होता. मागून जायचं, काखेत हात घालायचा, आपली मान दुसरीकडे वळवायची आणि वर यायचं. बुडालेल्याचं तोंड बघायचं नाही. बघितलं की ते आपल्याबरोबर घरी येतं आणि ताटासमोर बसतं. मिलिंदने हा नियम मोडला नाही, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला असं मला वाटतं.

पंचेचाळिशीत फौंड्रीतल्या मित्रांबरोबर तो मालवणकडे सहलीला गेला आणि पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पहिल्यांदा समुद्रात उतरला. परत आला तो वेगळाच होऊन. मग सुट्ट्या साठवून एकेक कोर्स केला आणि एक दिवस जाहीर केलं की आता डाइव्हमास्टर व्हायचं. डाइव्हमास्टर म्हणजे पाण्याखाली इतरांना घेऊन जाणारा, त्यांच्या जिवाची जबाबदारी असणारा माणूस. मी म्हटलं, अरे, केस पांढरे झाले, आता कसली परीक्षा. तो चहा ढवळत बसला होता. म्हणाला, "आक्का, जित्त्या माणसासाठी मला कोण बोलवतच न्हाय की." मी उठले आणि कपाटातून नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं.

अभ्यास म्हणजे दोन्ही बाजूंनी छळ होता. कोर्सचं पुस्तक इंग्रजीत, आणि मिलिंद मराठी शाळेतला, तोही मागच्या बाकावरचा. मी फुगा फुगवून दाब आणि आकारमान समजावत होते, तेव्हा त्याने मला थांबवलं. "म्हंजे आमच्या कॉम्प्रेसरचंच हाय की हे. वर येताना श्वास धरला की छातीची टाकी फुटणार." वीस वर्षं शिकवते आहे, इतक्या थोड्यात मला ते कधी सांगता आलं नव्हतं. मी ते वाक्य वर्गात वापरते, श्रेय न देता. लेखी परीक्षेत तो चांगला पास झाला. पोहण्यात तर त्याने निम्म्या वयाच्या पोरांना मागे टाकलं.

नापास झाला तो त्याच्या स्वतःच्या कामात. तळाशी बेशुद्ध पडल्याचं नाटक करणाऱ्या एका विद्यार्थ्याला वर आणायचं होतं. मिलिंदने हात घातला तो मागून, काखेत. मान वळवली आणि सरळ वर. त्या पोराच्या तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून हवा येते ते नळीचं तोंड, वाटेतच निसटला. मिलिंदला दिसलंच नाही. पोराने नाटक सोडून स्वतःच तो शोधून तोंडात घातला म्हणून निभावलं. वर आल्यावर त्याची प्रशिक्षक रेश्मा, तिशीतली मुलगी, शांतपणे म्हणाली, "मिलिंदभाऊ, तुम्ही त्याला मेलेला समजून आणलंत. मेला की जिवंत हे आपण ठरवायचं नाही. त्याच्या तोंडाकडे बघत, त्याच्याशी बोलत यायचं." तिने त्याला चार महिन्यांनी परत बोलावलं.

कोल्हापुरात येऊन त्याने दोन दिवस नेहमीसारखी पाळी केली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आक्का, जरा मरून दाखव."

मग रोज संध्याकाळी, शाळेतून आले की, मी मिलिंदच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजीवर बेशुद्ध पडायला लागले. तोंडात जुना रबरी तुकडा. मिलिंद उशाशी गुडघे टेकून बसायचा, एका हाताने तो तुकडा धरायचा, दुसऱ्याने हनुवटी, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत मला "वर" न्यायचा. सोपं वाटतं ना? त्याची नजर माझ्या कानावरून भिंतीवर जायची. चार-सहा दिवसांनी म्हणाला, "तू डोळं मिटलंस की मला जमत न्हाय." मग मी डोळे उघडे ठेवून बेशुद्ध पडत होते. त्याची बायको सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसायची, मग हसता हसता आत निघून जायची. हळूहळू मी एक डोळा मिटला, मग दोन्ही. एका संध्याकाळी मी डोळे मिटून पडले होते आणि वरून त्याचा आवाज आला, अगदी हळू. "आक्का, मी हाय. वर चाललोय आपण. मी बघतोय तुझ्याकडं." मी मेल्यासारखी पडून राहिले, पण रडू आवरलं नाही. त्याला वाटलं रबर घशात गेलं.

चार महिन्यांनी समुद्रकिनाऱ्यावरून त्याचा फोन आला. पास झालो असं तो म्हणालाच नाही. म्हणाला, "त्यो पोरगा वर आल्या आल्या मला शिव्या द्यायला लागला, हनुवटी लई दाबली म्हणून. कसल्या शिव्या दिल्या आक्का..." इतका खूश तो त्याच्या लग्नातही नव्हता.

पुढचे दोन हंगाम सुट्टी मिळेल तशी एसटी पकडून तो घाट उतरायचा आणि चार-पाच जणांना घेऊन पाण्यात जायचा. मीही एकदा गेले, डॉक्टरचा दाखला वगैरे घेऊन. रेश्माने माझा हात धरला होता, मिलिंद शेजारी. एक निळा मासा आणि मिलिंदचा काचेमागचा चेहरा, एवढंच आठवतं. शाळेत मात्र मी पुष्कळ रंगवून सांगितलं.

गेल्या आठवड्यात, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, त्याला वंदना द्यायला आलेल्यांची गर्दी ओसरल्यावर, सुजाताने त्याची डाइव्हची नोंदवही माझ्या हातात दिली. "तुमीच ठेवा आक्का. मला वाचवत न्हाय." प्रत्येक डाइव्हला एक पान. तारीख, खोली, किती मिनिटं. खाली शेऱ्यासाठी जागा असते. तिथे लोक कुठले मासे दिसले, पाणी किती स्वच्छ होतं ते लिहितात. मिलिंदने मासे लिहिलेले नाहीत. त्याने बरोबर नेलेल्या माणसांची नावं लिहिली आहेत, आणि वर आल्यावर, तोंडातून रेग्युलेटर काढल्यावर, प्रत्येक जण पहिल्यांदा काय बोलला ते. 'सांगलीचे डॉक्टर: आता भजी पाहिजेत.' 'त्यांची मिसेस: माझं नाक.' 'इचलकरंजीचा पैलवान: परत कधी न्याल?' 'पुण्याची मुलगी: काही नाही, नुसती हसली.' पानामागून पानं, त्याच्या त्या ठसठशीत, शाळकरी अक्षरात. मी सगळी वाचली. वाचताना भाऊ गेल्याचं दुःख एकदाच पुरतं अंगावर आलं, इतके दिवस आलं नव्हतं.

माझंही पान सापडलं. मी काय बोलले होते ते मला अजिबात आठवत नव्हतं. त्याने लिहिलंय, 'आक्का: मिल्या, सकाळी खाल्लंस का काय?'

त्याने काय उत्तर दिलं, ते लिहिलेलं नाही.