महाजनकाकूंसाठी चार दिवसांचं माणूस

"काका, ही हर्नियाची गाठ आता आत ढकलून भागणार नाही. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल," सर्जन म्हणाले.

"ते खरं हो. पण मी ॲडमिट झालो तर हिला कोण बघणार?"

सर्जननी माझ्याकडे बोट दाखवलं आणि पुढचा पेशंट बोलावला. बुऱ्हाणपुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी मेडिकल सोशल वर्कर आहे. आजार डॉक्टर बघतात, आजारामागचा घरचा गोंधळ माझ्या गळ्यात येतो.

महाजनकाका पेपर मिलमधून रिटायर झालेले. इतवारा मोहल्ल्यात दोन खोल्या, नवराबायको दोघंच. काकूंना डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज दोन्ही हळूहळू जातात. त्यांची आंघोळ, जेवण, लघवी, सगळं काकाच करायचे. काकू बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून दाराची किल्ली करगोट्याला बांधून झोपायचे. त्यांना हवी होती ती रेस्पाइट केअर. ही सुटी आजाऱ्याची नव्हे, आजाऱ्याला सांभाळणाऱ्याची. चार दिवस दुसऱ्या कुणी सांभाळायचं, बस्स.

ऐकायला सोपं वाटतं. मी फोन लावायला बसले. वृद्धाश्रमाच्या मॅनेजरने विचारलं, "भटकती हैं क्या?" मी खरं ते सांगितलं. "फिर नहीं रख पाएँगे, मॅडम." आमच्याच वॉर्डात काकूंसाठी काकांच्या शेजारची खाट मागितली, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणाले, "आजार काय दाखवू? ही धर्मशाळा आहे का?" इंदूरची एजन्सी महिन्याच्या खाली माणूस देईना. पुण्याच्या मुलाने तर कमालच केली. "ऑपरेशन जरा पुढे ढकलता येईल का?" माझं डोकंच सणकलं. "बाबांचं आतडं तुझ्या रजेची वाट बघत बसणार नाही," असं म्हणून फोन आपटला. तो आला नाही तो नाहीच.

मी हात टेकले होते. तेवढ्यात आमच्याकडची जुनी आया कलाबाई तयार झाली. तिच्या गावी, डोईफोडियाला, तिची मुलगी बाळंतपणाला यायची होती, त्याआधीचे चार दिवस देते म्हणाली.

मी काकांना बजावलं, "जाताना काकूंना सांगून निघा."

"मॅडम, आमच्या मिलमध्ये चालू मशीन थांबवून चार्ज देत नाहीत. बदलीवाला आला, त्याला काय चाललंय ते सांगितलं, की आपण गुपचूप निघायचं. हिला सांगितलं तर ही रडेल. मग माझा पाय निघायचा नाही."

"रडू द्या हो. पण सांगा."

नाहीच सांगितलं. पोळी दाळीत कुस्करून द्यावी लागते इथपासून सगळा चार्ज कलाबाईला दिला आणि काकू जेवत असताना निघून आले.

ऑपरेशन छान झालं. पहिले दोन दिवस काकू दाराशीच उभ्या होत्या, असं कलाबाईने सांगितलं. मग उभं राहणं थांबलं. मला वाटलं, चला, रुळल्या.

डिस्चार्जला काकांना मीच रिक्षातून घरी नेलं. कलाबाईने दार उघडलं. मागून काकू आल्या आणि काकांना बघताच त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

"कोण पाहिजे?"

"अगं, मी."

"आमचे हे ड्युटीवर गेले. घरात पुरुषमाणूस नाही. बाहेरच बसा तुम्ही."

काका टाक्यांवर हात धरून ओट्यावर बसले. आम्ही समजावलं, लग्नाचा फोटो दाखवला. फोटोतला नवरा काकूंनी ओळखला, समोरचा नाही. काका आत जायला उठले तशा त्या इतक्या किंचाळल्या की सगळी गल्ली गोळा झाली.

डॉक्टर म्हणतात, हा आजार वाढला की असं होतंच, न सांगता गेल्यामुळेच झालं असं नाही. काकांना ते पटत नाही. खरं सांगू, मलाही पटत नाही.

कलाबाई ठरल्याप्रमाणे गावी गेली. दुसरं कुणी अजून मिळालेलं नाही. काकू काकांना अंगाला हात लावू देत नाहीत. आंघोळ शेजारीण उरकते, तिला जमेल तेव्हा. काका आता "मिलमधून आलो, तुमच्या यांनी पाठवलंय" असं सांगून स्वतःच्या घरात शिरतात.

परवा मी गेले तेव्हा काकू पदर सावरत त्यांच्याकडेच गाऱ्हाणं मांडत होत्या. "सांगून तरी जायचं ना माणसाने! किती वाट बघायची?"

"हो वहिनी," काका म्हणाले, "भेटले की सांगतो त्यांना." आणि मान खाली घालून पोळी कुस्करत राहिले. मला तिथे बसवेना.

आता सुटी मागायला कुणी आलं, की माणूस शोधायच्या आधीच मी सांगते. पहिल्यांदा थोड्या वेळासाठीच जा, पण सांगून जा, आणि परत या. ते विसरतील, तरी सांगा. रडतील, तरी सांगा. सगळे मान डोलावतात. करतं कोण?