नाक वर उठलं तेव्हा

नैरोबीत नाफुलाच्या घरी चहाला गेलं की पुढच्या खुर्च्यांना आधी कप मिळायचे, मागच्यांनी मुकाट वाट पाहायची. हवाईसुंदरीची नोकरी सुटून जमाना झाला, सवय कुठली सुटते! आणि जुन्या व्हीसी-टेन जेटचं नुसतं नाव काढा, म्हातारी अशी खुलायची! "चारही इंजिनं शेपटीला, पुढे बसलेल्याला आवाजच नाही. हल्लीची विमानं म्हणजे उडते मटाटू, रस्त्यावरच्या खचाखच मिनीबस! कोंबा माणसं आणि चला!"

एका रविवारी, विमानतळाच्या कडेला पडून राहिलेल्या शेवटच्या व्हीसी-टेनमध्ये विमानात काम केलेल्या जुन्या मंडळींचा मेळावा भरला. त्या विमानाची शेपटी जड, म्हणून खाली टेकू असायचा. तो नेमका रंगवायला काढलेला. नाफुलाने दारातच दम भरला, "सगळे पुढे बसा. मागे कुणी फिरकलात तर याद राखा!"

पण ही सगळी प्रवाशांना चहा-जेवण वाढणारी माणसं. जन्मात कधी पुढे बसली होती? मागच्या दाराने गरम समोशांची टोपली आली मात्र, सगळी फौज ट्रे शोधायला मागे धावली. सगळ्यांत पुढे खुद्द नाफुला!

पायाखालची जमीन कलली. विमानाचं नाक हळूहळू वर उठायला लागलं.

"अगं, पडतोय आपण!" तिच्याबरोबर वाढप केलेला ओडुओर किंचाळला.

नाफुलाने भिंतीतली घडीची खुर्ची खाली ओढली, बसली, पट्टा आवळला. डोळे नुसते लकाकत होते.

"पडतोय काय, मेल्या? उडतोय! पट्टा बांध!"