थंड दूध

काल सूनबाईने नातवाच्या सर्दीवर शेकायला तव्यावर ओवा भाजला आणि त्या उग्र वासाने मला चाळीस वर्षांमागच्या, लांज्याजवळच्या सासरच्या माजघरात नेलं. पौषाचा गारठा होता. माझ्या पाच महिन्यांच्या सुधीरचं नाक सारखं वाहत होतं. यजमान नोकरीला मुंबईत.

"काल डोक्यावरून न्हालीस ना? तुझ्या थंड दुधानंच पोराला पडसं झालं गो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाळ उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी घातली. वाटीने गाईचं दूध पाजू लागल्या.

चोंदलेल्या नाकाने तो गुदमरत रडायचा आणि दाराबाहेर माझं पोलकं दुधाने भिजायचं. "एकदा घेऊ द्या हो," मी म्हणायची. कडी निघायची नाही.

लहान मुलांची सर्दी बहुतेकदा आपली आपणच जाते, आईचं दूध तोडायचं नसतं, हे परवा नातवाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. आठवड्याने सुधीरचं नाक सुकलं. सासूबाईंनी त्याला माझ्या मांडीवर ठेवलं.

"बघ, तुझ्यापासून लांब ठेवला म्हणून बरा झाला."

माझं दूध तोवर आटलं होतं. मी वाकून त्यांच्या पाया पडले.