एक्स-रेचा फोल्डर उघडेना

शहाद्याजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या खोल्या रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेल्या, एक्स-रेचं मशीन मात्र जुन्या इमारतीतच राहिलं. नव्या इमारतीत वेगळं नेटवर्क आलं आणि दोन्हींच्या मध्ये फायरवॉल बसली. कोणाला पलीकडे सोडायचं आणि कोणाला अडवायचं, हे ठरवणारी पेटी. तिने पहिल्याच दिवशी मला अडवलं. माझ्या कॉम्प्युटरवरचा एक्स-रेचा फोल्डर पलीकडे डॉक्टर मॅडमकडे उघडेना.

फायरवॉल बसवणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन केला. "फायरवॉल ठीक आहे सर, तुमच्या कॉम्प्युटरचं शेअरिंग बघा." ते चालूच होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "इथे काही नाही, फायरवॉलवाल्यांना विचारा." पेनड्राइव्ह घेऊन पलीकडे गेलो, तर तिकडच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हही चालत नव्हता. शेवटी डॉक्टर मॅडमच भर उन्हात रस्ता ओलांडून माझ्या खोलीत यायच्या.

एकदा ब्राह्मणपुरीहून एक आजी आल्या, मनगट मोडलेलं. एक्स-रे काढून त्यांना पलीकडे पाठवलं. तिथे इतकी गर्दी, की मॅडमना उठता येईना. त्यांनी फोटो आणायला आजींनाच परत धाडलं. मोडका हात छातीशी धरून आजी दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, हात तं मन्हा आठे शे. फोटू कोठे अडकना?"

हात तर इथेच आहे, मग फोटो कुठे अडकला, असं त्या अहिराणीत विचारत होत्या. त्यांना पंख्याखाली बसवलं आणि इंजिनिअरला पुन्हा फोन लावला. "पेशंट समोर बसल्यात. फोल्डर उघडल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही!" माझा आवाज चढला होता. कुरकुरत त्याने फायरवॉलमध्ये माझ्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता टाकला आणि वाट मोकळी केली. मॅडमनी कळवलं, "दिसतंय हो!" आजींना प्लास्टर झालं.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली. परत आली तेव्हा माझ्या कॉम्प्युटरने नवाच पत्ता घेतला होता. फायरवॉलच्या लेखी मी पुन्हा परका. फोल्डर बंद.

"पत्ता कायमचा करून घ्यायला हवा होता सर," इंजिनिअर फोनवर म्हणाला.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही ना."

त्याने सांगितलं तसा पत्ता कायमचा केला. त्यानंतर फोल्डर कधी अडला नाही. पण त्या दिवशी फोन ठेवून पुढच्या पेशंटला छातीच्या एक्स-रेसाठी आत घेतलं, तेव्हा माझा राग अजून उतरला नव्हता. त्याला श्वास रोखायला सांगण्याआधी मलाच जरा थांबावं लागलं.